गुडघ्याएवढं सफरचंद: छोट्या वाफ्याच्या कडेला आडव्या वळणाची झाडं

वाफ्याच्या कडेनं, जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर एक फांदी आडवी गेलेली असते. तिच्या अंगावर वीतभर अंतरानं सफरचंदं लागलेली असतात. पलीकडे जायचं तर पाय उचलून झाड ओलांडायचं. इंग्रजीत अशा झाडाला ‘स्टेपओव्हर’ म्हणतात. पाहणारा हमखास विचारतो, ‘सारखं छाटत बसावं लागत असेल, नाही?’ मलाही तसंच वाटलं होतं, आणि पहिली तीन वर्षं मी कात्री चालवण्यातच घालवली.

सफरचंद कात्रीनं बुटकं होत नाही. हिवाळ्यात, पानं झडलेली असताना निम्मं झाड कापलं तरी मुळं तेवढीच राहतात. त्यांत साठवलेलं अन्नही तेवढंच राहतं, आणि वसंतात ते उरलेल्या मोजक्या डोळ्यांच्या (कोंब किंवा फूल जिथून फुटतं त्या कळ्यांच्या) वाट्याला येतं. मग कापलं तिथूनच छडीसारखे सरळसोट पाणसोट सुटतात. त्यांना फळ धरत नाही. पुढच्या हिवाळ्यात ते कापायचे आणि त्याहून जास्त उगवून घ्यायचे, असा खेळ चालू राहतो. झाड बुटकं राहतं ते दोन गोष्टींनी: खाली खुंट (कलमाचा मुळांकडचा भाग) कोणता आहे, आणि वर फांदी कोणत्या कोनात बांधली आहे. कात्रीचा नंबर तिसरा, तोही बहुतेक उन्हाळ्यातला.

फांदी आडवी केली की काय होतं

उभ्या फांदीचा शेंडा ‘ऑक्झिन’ नावाचं संप्रेरक तयार करतो. ते खाली उतरत जातं आणि वाटेतल्या डोळ्यांना झोपवून ठेवतं. म्हणून उभी फांदी शेंड्याकडे धावते आणि तिचं बूड उघडं राहतं. तीच फांदी आडवी बांधली की शेंड्याचा हा वरचष्मा कमी होतो, वाढ मंदावते आणि अंगावरचे झोपलेले डोळे जागे होतात. यातल्या बऱ्याच डोळ्यांतून लांब फांदी न येता आखूड, सुरकुतलेली काडी येते. फूल आणि फळ तिच्यावरच लागतं. या लेखात तिला फळकाडी म्हणू.

हे ज्ञान जुनं आहे. १६७८ ते १६८३ या काळात व्हर्सायला फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईसाठी राजवाड्याची फळबाग उभी राहिली, तेव्हा जाँ-बाप्तिस्त द ला कँतिनी यानं भिंतींना टेकवून अशीच आडव्या वळणाची झाडं वाढवली. पण मला त्याहून पटणारं उदाहरण इंडोनेशियात, पूर्व जावातल्या बातूचं आहे. विषुववृत्ताजवळच्या त्या डोंगराळ गावात सफरचंदाची पानं झडावीत अशी थंडी पडतच नाही. तिथले शेतकरी फळं उतरवल्यावर पानं हातानं ओरबाडतात आणि फांद्या दोरीनं खाली ओढून आडव्या बांधतात. झाडाला पुन्हा फूल येतं, आणि वर्षात दोन बहार निघतात. थंडीची उणीव ते हातानं आणि दोरीनं भरून काढतात.

जात आणि हवामान

सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते. ती पुरी झाली की नाही, हे साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खालच्या तासांवरून मोजतात. नेहमीच्या जातींना असे ८०० ते १००० तास किंवा त्याहून जास्त हवे असतात. तुमच्याकडे एवढी थंडी नसेल तर कमी थंडीवर येणाऱ्या जाती घ्या: इस्रायलमधली ‘अ‍ॅना’, बहामा बेटांवर सापडलेली ‘डॉर्सेट गोल्डन’, हिमाचल प्रदेशाच्या पायथ्याकडची ‘एचआरएमएन-९९’. जातच चुकली तर वळण कितीही सुबक दिलं तरी झाड नुसतं शोभेचं राहतं.

दुसरी चाळणी फळ कुठे लागतं याची. काही जाती फळकाड्यांवर फळतात, काही लांब फांदीच्या शेंड्यावर. आपण शेंडे सतत तोडणार आहोत, त्यामुळे शेंड्यावर फळणारी जात घेतली तर फुलं येण्याआधीच ती कात्रीत जातील. ‘वर्सेस्टर पेअरमेन’ अशी शेंडेफळी आहे, म्हणून ती टाळा. ‘कॉक्स’, ‘जेम्स ग्रीव्ह’, ‘सनसेट’, ‘एग्रेमाँट रसेट’, ‘गोल्डन डिलिशस’ या फळकाडीवाल्या आहेत. ‘ब्रॅम्ली’ आणि ‘जोनागोल्ड’ या त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेल्या) जातींचा जोम इतका असतो की त्यांना गुडघ्याखाली ठेवणं म्हणजे रोजची कुस्ती. शिवाय त्यांचे पराग दुसऱ्या झाडाच्या फारसे कामाचे नसतात.

परागांची सोय आधीच बघून ठेवा. बहुतेक सफरचंदांना स्वतःचे पराग चालत नाहीत. जवळपास दुसऱ्या जातीचं झाड हवं, आणि दोन्ही एकाच सुमारास फुलायला हवीत. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन ही जोडी जमते ती यामुळेच. वाफ्याच्या दोन कडांना दोन जाती लावल्या की प्रश्न सुटतो.

खुंट: इथे घासाघीस नको

कलम म्हणजे खाली एका झाडाची मुळं आणि वर दुसऱ्याची फांदी. झाड किती उंच होणार हे मुख्यतः खालचा खुंट ठरवतो. बुटके खुंट माळी शेकडो वर्षं वापरत होते, पण नावांचा नुसता गोंधळ होता. इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात रोनाल्ड हॅटन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खुंट गोळा करून, पारखून त्यांना क्रमांक दिले. ‘एम ९’ हे नाव तिथलं. पुढे ‘एम १३’ आणि ‘एम ९’ यांच्या संकरातून आणखी बुटका ‘एम २७’ निघाला.

एम २७ वरचं मोकळं झाडसुद्धा सहा फुटांच्या वर सहसा जात नाही. जमीन चांगली असेल तर गुडघाभर झाडासाठी तो पहिली पसंती. जमीन हलकी किंवा उथळ असेल तर मात्र तो रुसून बसतो, आडव्या फांदीला लांबीच धरत नाही. तिथे एम ९ घ्या. त्याचं मोकळं झाड आठ ते दहा फूट होतं, पण आडवं बांधलं की ताब्यात राहतं. एम २६ अगदी गरीब जमिनीसाठी. एमएम १०६ एवढ्या बुटक्या वळणासाठी घेऊच नका. तिरक्या, भिंतीला टेकलेल्या उंच वळणाला तो चालतो.

माझं पहिलं कलम ‘बुटकं’ एवढ्याच चिठ्ठीवर आलं होतं, खुंटाचं नाव नव्हतं. तिसऱ्या वर्षी ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि मी छाटून छाटून दमलो. तेव्हापासून खुंटाचं नाव सांगता येत नसेल तर कलम घेत नाही, मग फांद्या कितीही देखण्या असोत.

घेताना एक वर्षाचं, बिनफांद्यांचं, पेन्सिलीपेक्षा थोडं जाड असं सरळ काठीसारखं कलम घ्या. दोन-तीन वर्षांचं फांद्या फुटलेलं झाड स्वस्तात मिळालं तरी नको. त्याचं खोड ताठ झालेलं असतं आणि आपल्याला हव्या त्या उंचीवर फांदी असेलच असं नाही.

खांब आणि तार

झाड लावण्याआधी आधार उभा करा, नंतर नाही. नंतर खांब ठोकायला गेलात की मुळं दुखावतात.

जागा अशी हवी की दिवसातले किमान सहा तास ऊन पडेल आणि पाणी साचणार नाही. वाफ्याच्या कडेपासून अर्धा फूट आत ओळ आखा. दोन टोकांना मजबूत खांब पुरा: दोन फूट जमिनीत, दीड फूट वर. ओळ लांब असेल तर दर पाच-सहा फुटांवर मधला खांब द्या. जमिनीपासून ४० ते ४५ सेंटीमीटरवर अडीच मिलिमीटर जाडीची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ओढा. एका टोकाला ताण द्यायचा स्क्रू बसवा, कारण फळं धरली की तार सैल पडतेच. टोकाच्या खांबांना आतून तिरका टेकू दिला तर ते कलत नाहीत.

एम २७ वर दोन झाडांत दीड मीटर, एम ९ वर दोन मीटर अंतर ठेवा. सुरुवातीला ओळ फारच मोकळी वाटेल. मधे तिसरं झाड घुसवायचा मोह होईल, तो आवरा.

लावणी

उघड्या मुळांचं कलम झाड झोपेत असताना, म्हणजे पानगळ झाल्यापासून डोळे फुगेपर्यंतच्या काळात लावायचं. जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नको. मुळं दोन तास पाण्यात बुडवून ठेवा. खड्डा मुळं पसरतील एवढा रुंद करा, खोल नको. तळाशी खताचा थर देऊ नका. तो कुजून खाली बसतो आणि झाडही त्याच्याबरोबर खाली जातं.

ते खाली जाणं का नको, हे नीट समजून घ्या. खोडाच्या बुडाशी कलमाचा सांधा गाठीसारखा दिसतो. तो मातीच्या किमान १० सेंटीमीटर वर राहिला पाहिजे. मातीखाली गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाचा लगाम सुटतो आणि बुटकं म्हणून घेतलेलं झाड भराभर वाढू लागतं. पुढे आच्छादन घालतानाही पालापाचोळा सांध्यापर्यंत चढू देऊ नका.

माती भरून पायानं हलकेच दाबा, पाणी द्या, काठी तारेला सैल बांधा. खोडाभोवती दोन-अडीच फुटांचं वर्तुळ गवताशिवाय ठेवा. बुटक्या खुंटांची मुळं कमी आणि वरवरची असतात, गवताशी झगडा झाला तर हरतात ती हीच. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज शिंपडण्यानं मुळं वरच रेंगाळतात.

वळण देणं: दोन रस्ते

पहिला रस्ता दोन हातांचा, इंग्रजी ‘टी’सारखा. लावल्यावर काठी तारेच्या किंचित खाली कापायची, अशा ठिकाणी की कापाखाली दोन चांगले डोळे असतील, एक डावीकडे तोंड केलेला, एक उजवीकडे. कापताना हात थरथरतो, एवढी मोठी काठी वाया गेली असं वाटतं. कापा. वसंतात या दोन डोळ्यांतून दोन कोंब येतील. खाली आणखी फुटले तर चिमटीनं खुडून टाका.

आता इथे बहुतेकांची घाई होते. कोंब हातभर झाला की तो लगेच आडवा बांधला जातो, आणि मग त्याची वाढ थांबते, कारण आडवं केलं की वाढ मंदावते हे आपण वर पाहिलंच. पहिल्या उन्हाळ्यात आपल्याला लांबी हवी आहे. म्हणून दोन बांबूच्या काठ्या ४५ अंशांत तिरक्या तारेला बांधा आणि कोंब त्यांच्यावर चढवा. एक हात जोमदार आणि दुसरा मागे पडलेला असेल तर जोमदार खाली उतरवा आणि दुबळा उभा करा. दोन-तीन आठवड्यांत दोघे बरोबरीला येतात. कोन म्हणजे काय ताकदीची गोष्ट आहे, हे मला या एका युक्तीनं पटलं. उन्हाळा संपता संपता, काडी अजून लवचिक असताना, बांबू हळूहळू खाली आणत दोन्ही हात तारेवर आडवे बांधा.

दुसरा रस्ता एका हाताचा. काठी न कापता अख्खी एका बाजूला वाकवायची. वेळ वाचतो, एक वर्ष हाताशी लागतं, आणि ओळीतली सगळी झाडं एकाच दिशेनं वाकवली की एकाचं टोक दुसऱ्याच्या खोडाशी येतं. पण यात काठी मोडण्याची भीती असते. थंडीत ती ठिसूळ असते. डोळे फुगून रस चढू लागला की वाकवा, तेही एका दिवसात नाही. तारेच्या खाली अर्ध्या फुटापासून कमान सुरू होईल अशा बेतानं दोरीनं थोडं ओढायचं, आठ-दहा दिवस थांबायचं, पुन्हा ओढायचं. काटकोन करायला जाऊ नका, सुपाच्या काठासारखी गोल कमान हवी. मी एकदा संध्याकाळच्या घाईत एका झटक्यात वाकवली आणि कट् आवाज आला. अर्धवट चिरली होती. चीर मिटवून कलमपट्टी घट्ट गुंडाळली, थोडी वर उचलून बांधली, आणि ती जगली. तिथे आजही गुडघ्यासारखी गाठ आहे.

कमानीच्या माथ्यावरचा डोळा सगळ्यांत आधी उसळतो आणि नवं खोड व्हायला बघतो. तो खुडा. हाताच्या टोकाचा शेंडा मात्र पूर्ण लांबी होईपर्यंत वीतभर वर उचललेला ठेवा, म्हणजे तो पुढे सरकत राहील. शेजारच्या झाडापर्यंत पोचला की टोकही खाली बांधून टाका.

बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या घ्या. फांदी आणि तार यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखी अढी द्या, म्हणजे साल तारेला घासत नाही. वर्षातून दोनदा सगळ्या गाठी सोडून पुन्हा बांधा. विसरलेली गाठ सालीत रुतते आणि फांदीचा गळा आवळते.

हाताच्या मध्ये एखादा लांबलचक पट्टा उघडाच राहिला, डोळे आहेत पण फुटत नाहीत, तर वसंताच्या तोंडावर त्या डोळ्याच्या अगदी वर, शेंड्याच्या बाजूला, धारदार चाकूनं सालीत छोटीशी खाच घ्या. शेंड्याकडून येणारं संप्रेरक तिथे अडतं आणि डोळा फुटतो. खाच डोळ्याखाली घेतली तर उलट परिणाम होतो, जोम कमी होतो.

उन्हाळी छाटणी

हात तयार झाले की दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यापासून त्यांच्यावर उभे कोंब येऊ लागतात. खरं कामाचं तंत्र हे: उत्तर फ्रान्समध्ये वान्योन्विल इथे काम करणाऱ्या लुई लोरेत या माळ्यानं हिवाळी छाटणी सोडून उन्हाळी छाटणीवर भर दिला. त्याची मूळ पद्धत किचकट होती. पुढे ती सोपी झाली, आणि आज बहुतेक लोक सोपीच वापरतात.

कधी छाटायचं? महिना विचारू नका, कोंब बघा. त्याचा बुडाकडचा तिसरा हिस्सा लाकडी आणि ताठ झाला असेल, पानं गडद हिरवी असतील आणि लांबी वीतभरापेक्षा जास्त असेल तर तो तयार आहे. कोवळा असताना कापलात तर खालून लगेच नवे कोंब येतात आणि काम दुप्पट होतं. त्यापेक्षा छोटे कोंब सोडून द्या, ते आपोआप फळकाडीकडे वळतात.

कुठे छाटायचं? कोंबाच्या बुडाशी छोटी पानं दाटीनं गुच्छासारखी आलेली असतात. ती मोजायची नाहीत. त्यांच्या वरून मोजायचं. कोंब थेट मुख्य हातातून निघाला असेल तर तीन पानं ठेवून कापा, साधारण सात-आठ सेंटीमीटर. आधीच छाटलेल्या काडीवरून निघाला असेल तर एकच पान ठेवा. एवढंच. सगळे कोंब एकाच दिवशी तयार होत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन फेऱ्या मारा.

झाड जास्तच जोमदार असेल तर दोन-तीन कोंब मुद्दाम न कापता ठेवा. झाडाचा सगळा उत्साह त्यांच्यात जातो आणि कापलेल्या जागा शांत राहतात. पानगळीनंतर तेही काढून टाकायचे. छाटल्यावर सावलीत दडलेल्या फळांवर ऊन पडतं, रंग चढतो.

फुलं आणि विरळणी

पहिल्या वर्षी फुलं आली तर खुडून टाका. दुसऱ्या वर्षी प्रत्येक झाडावर दोन-तीन फळं चवीपुरती ठेवा. जोम आधी फांदीत जाऊ द्या.

बुटक्या झाडाची खरी अडचण फुलोऱ्यात येते. थंड हवा जड असते, जमिनीलगत साचते, आणि आपली फुलं नेमकी तिथेच. उमललेली फुलं उणे २ अंशांच्या आसपास काळी पडतात. निरभ्र, वारा पडलेली थंड रात्र दिसली की जुनी चादर किंवा बागेचं पांढरं कापड ओळीवर पसरा. दीड फुटाचं झाड झाकायला पाच मिनिटं लागतात. मोठ्या झाडाच्या मालकाला ही सोय नाही. सकाळी कापड काढायला विसरू नका, मधमाश्यांना वाट हवी.

फळं सुपारीएवढी झाली की झाड स्वतःच काही गाळतं. ती गळ संपली की उरलेली आपण विरळायची. एका गुच्छात एकच फळ ठेवा, फार तर दोन, आणि दोन फळांत चार ते सहा इंच अंतर. गुच्छाच्या मधोमध असलेलं फळ बऱ्याचदा बेढब होतं, आधी ते काढा. हे काम जिवावर येतं. पण न विरळता सोडलं तर फळं लिंबाएवढी राहतात, आणि पुढच्या वर्षी झाड रिकामं जातं. पुढच्या वर्षाचे फूलडोळे याच उन्हाळ्यात तयार होतात, आणि फळांतल्या बिया जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडून ते तयार होऊ देत नाहीत. फार फळं म्हणजे फार बिया, म्हणजे पुढच्या वर्षी फूल नाही.

रोगकिडी, थोडक्यात

पांढरी पीठ उडाल्यासारखी पानं म्हणजे भुरी: तेवढे शेंडे तोडून टाका. छाटल्याच्या जखमांत कापसाचे पुंजके दिसले तर तो लोकरी मावा: साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. फळात अळी सोडणाऱ्या कॉडलिंग पतंगासाठी कामगंध सापळा (मादीच्या वासानं नरांना ओढून पकडणारा) लावा. एवढ्या छोट्या झाडावर प्रत्येक फळाला कागदी पिशवी घालणंही शक्य आहे. जमिनीजवळच्या फळांवर पावसाचा चिखल उडतो आणि गोगलगायी चढतात. आच्छादन असलं की चिखल थांबतो, गोगलगायी मात्र संध्याकाळी हातानं वेचाव्या लागतात. नत्राचं खत भरमसाट देऊ नका, त्यातून फक्त पाणसोट मिळतात. वसंताच्या सुरुवातीला कुजलेल्या शेणखताचा दोन बोटं थर पुरे.

सात-आठ वर्षांनी फळकाड्यांना फाटे फुटत फुटत त्यांचे कोंबडीच्या पंजांसारखे गुंते होतात. फुलं भरमसाट, फळं बारीक. तेव्हा आणि तेव्हाच हिवाळी छाटणी: प्रत्येक गुंत्यातला खालच्या बाजूचा, सावलीतला आणि सगळ्यांत जुना भाग काढा, दोन-तीन ठसठशीत डोळे ठेवा. एका हिवाळ्यात एक तृतीयांश गुंत्यांनाच हात लावा, नाहीतर झाड पुन्हा पाणसोट सोडेल. काढलेल्या जागेतून उन्हाळ्यात नवा कोंब आला की त्याचीही तिसऱ्या पानावर छाटणी.